उंच छपराखालचा उन्हाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. शेड ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद असून आढ्यापाशी तिची उंची २२ फूट आहे. छपराला साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा आहे. उंच शेड थंड राहते असे सगळ्यांनी सांगितल्यामुळे बांधताना मुद्दाम जास्त खर्च करून उंची वाढवून घेतली, तरीही मे महिन्यात दुपारी बारानंतर आत उभे राहवत नाही. गेल्या वर्षी छपरावर चार टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्याने फिरून आतली गरम हवा बाहेर सोडणाऱ्या फिरक्या बसवल्या, पण फरक जाणवला नाही. आता एक विक्रेता २० फुटी मोठा पंखा घ्या म्हणतो, तर दुसरा चार डक्ट कुलर (नळीतून हवा पोहोचवणारे मोठे कुलर) घ्या म्हणतो. मला एका वर्षात एकच मोठा खर्च झेपेल. तो कशावर करावा?
– एक वाचक, अकोला

उत्तर : यंदाचा खर्च दोन्ही विक्रेत्यांकडे न नेता रंगाच्या दुकानाकडे न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण कळण्यासाठी आधी एक साधा प्रयोग करून पाहावा. दुपारी दीडच्या सुमारास शेडच्या मधोमध उभे राहावे आणि खोक्याचा एक मोठा पुठ्ठा डोक्यावर हातभर अंतरावर आडवा धरावा. त्याच क्षणी डोक्याला व खांद्यांना हायसे वाटले, तर आपल्याला छळणारी गोष्ट गरम हवेपेक्षाही तापलेल्या पत्र्याची धग आहे असे समजावे, कारण पुठ्ठ्यामुळे हवेचे तापमान अर्ध्या अंशानेही उतरलेले नसते. भर दुपारी आपल्याकडे छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते आणि जुना, मळका, गंजाकडे झुकलेला पत्रा त्यातला मोठा भाग शोषून ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. मग हाच पत्रा खालच्या बाजूने दिवसभर उष्णता फेकत राहतो.

उंचीचा गैरसमज येथेच होतो. निखाऱ्यापासून चार पावले मागे सरले की धग कमी लागते हे खरे; पण डोक्यावरचे २,४०० चौरस फुटांचे आख्खे छतच निखारा झाले, तर ते आठ-दहा फूट वर उचलल्याने धग फारशी घटत नाही, कारण माणसाला मान वर केली की सगळीकडे तोच पत्रा दिसत असतो. उंचीचा फायदा आहे, परंतु तो गरम हवेला माणसांच्या डोक्यावर साठायला जागा मिळते एवढाच, आणि ती साठलेली हवा बाहेर पडायला वाट असेल तरच तो हाती लागतो.

म्हणून पहिला उपाय पत्र्याच्या वरच्या अंगाला करावयाचा. छप्पर दाबाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन, गंजलेल्या भागावर प्रायमर मारून, उन्हाची उष्णता परत फेकणाऱ्या पांढऱ्या छतरंगाचे दोन हात द्यावेत. नवा पांढरा थर उन्हाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग परतवून लावतो. धूळ बसली की हे प्रमाण घसरते, म्हणून दर वर्षी होळीच्या आसपास छप्पर एकदा धुऊन घेणे हा कामाचाच भाग धरावा. चुना स्वस्त पडतो आणि सिमेंटच्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर तो जरूर लावावा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर मात्र ओला चुना जस्ताच्या थराला मानवत नाही, शिवाय पहिल्या दोन-तीन पावसांत तो धुपून जातो. हा उपाय कोणाला किरकोळ वाटू नये. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत मोठी मनुष्यहानी सोसल्यावर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांमधील घरांची छपरे पांढरी करण्याची मोहीम त्याला जोडली. त्याही आधी, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १३व्या कलमात कामाची जागा सुसह्य ठेवण्याचे उपाय म्हणून भिंती-छपरांना सफेदी करणे, त्यांवर पाणी फवारणे, छप्पर उंच करणे, मध्ये हवेची पोकळी ठेवून दुहेरी छप्पर करणे हे सगळे नावानिशी नोंदवले होते. आपल्याकडे त्यातला फक्त ‘छप्पर उंच करणे’ हाच भाग लोकांच्या लक्षात राहिला.

आता टर्बो व्हेंटिलेटरविषयी. या फिरक्यांना वाऱ्याची गरज असते. मे महिन्यातल्या कोंदलेल्या दुपारी वारा पडलेला असला तर त्या फक्त छपरातली भोके म्हणून काम करतात. भोक म्हणूनही त्या वाईट नाहीत, परंतु वरून जितकी हवा जायची तितकी खालून आत यावी लागते, हे बसवणारा क्वचितच सांगतो. मी स्वतः हीच चूक केलेली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या शेडवर मी मोठ्या उत्साहाने सहा फिरक्या बसवायला लावल्या आणि धूळ येते म्हणून खालच्या खिडक्या बंदच ठेवायला सांगितल्या. आठवडाभराने उदबत्ती पेटवून खिडकीच्या फटीशी धरली, तर धूर सरळ वर जात होता. आत हवा येतच नव्हती. आपल्या पत्रात खिडक्यांचा उल्लेख नाही, त्यावरून आपल्याकडेही तसेच असावे असा माझा अंदाज आहे.

खालची तोंडे उत्तरेला आणि पूर्वेला, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर ठेवावीत. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, तिकडून हवा घेऊ नये. आढ्याशी, पाख्यांच्या मध्ये, पावसाचे पाणी येणार नाही अशी टोपी घातलेली सलग फट ठेवली तर ती चार फिरक्यांपेक्षा जास्त हवा सोडते, आणि तिला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. खालच्या-वरच्या तोंडांत पाच मीटरचे अंतर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात पाच अंशांचा फरक असेल, तर वर एक चौरस मीटर व खाली तेवढेच तोंड ठेवल्यास सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा आपोआप वाहते. आपल्या शेडमध्ये सरासरी २० फूट उंची धरली तर ४८,००० घनफूट, म्हणजे जवळजवळ १,३६० घनमीटर हवा आहे. ती तासातून दहा वेळा तरी बदलायची असेल, तर अशी सात-आठ चौरस मीटर तोंडे वर आणि तितकीच खाली लागतील. हा आकडा ऐकून दचकू नये. ६० फूट लांबीच्या आढ्यावर सव्वा फूट रुंदीची फट ठेवली की वरचा हिशेब जमतो आणि खाली दोन शटर अर्धी उघडी ठेवली, तरी त्यात मोठी भर पडते. जुन्या माळवदाच्या घरांत छताला साणे, म्हणजे झरोके, आणि खाली दारांना जाळी असे, ती याच हिशेबाने.

रात्री ही सगळी तोंडे उघडी ठेवता आली तर फार बरे. विदर्भात मे महिन्यातही पहाटेची हवा दुपारपेक्षा पंधरा-सोळा अंशांनी खाली येते. ती रात्रभर आत फिरली की कोब्याची जमीन थंडावते आणि सकाळचे तीन-चार तास तिचा आधार मिळतो. चोरीची भीती असल्यास लोखंडी जाळ्या बसवाव्यात. आपल्या वर्कशॉपमध्ये त्या करायला बाहेर जावे लागणार नाही.

मोठा पंखा की कुलर, या आपल्या मूळ प्रश्नाकडे आता येतो. २० फुटी पंखा थोड्या विजेत भरपूर हवा हलवतो, हे विक्रेता खरे सांगतो. पण पंखा हवा थंड करीत नाही. माणसाच्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून बरीच तापलेली असली की वारा अंगावरचा घाम वाळवतो हे खरे, पण त्याच वेळी अंगात उष्णताही घालतो. ४४ अंशांचा वारा म्हणजे लूच, मग ती बाहेरची असो की पंख्याची. शिवाय पत्रा न रंगवता हा पंखा लावलात, तर आढ्याखाली साठलेली सर्वांत गरम हवा तो ढकलून कामगारांच्या अंगावर आणील, म्हणजे ज्या उंचीसाठी आपण पैसे मोजले तिचा उरलासुरला फायदाही जाईल. पत्रा पांढरा झाला आणि आढे उघडले, की मग या पंख्याचा विचार जरूर करावा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात तो उपयोगी पडेल.

कुलर मात्र अकोल्याच्या हवेला मानवतो. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो, म्हणजे पाण्याने हवा फार तर तितकी गार होऊ शकते, आणि चांगल्या पॅडच्या कुलरच्या तोंडाशी २८ ते ३० अंशांची हवा मिळते. परंतु ही हवा सबंध शेडमध्ये सोडून शेड थंड करण्याचा हट्ट धरू नये. माणसे जिथे उभी राहतात तिथे, म्हणजे कटिंगच्या टेबलापाशी आणि जुळवणीच्या जागी, छाती-खांद्याच्या उंचीवर डक्टची तोंडे आणावीत. चार कुलरांचे काम दोनांत भागेल. उन्हाच्या तडाख्यात ताशी १८,००० घनमीटर हवेचा एक कुलर तासाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी पितो, हेही आधी ध्यानात घ्यावे. आढ्याची फट उघडी असू द्यावी, नाहीतर ओलावा आत कोंडून दुपारी तीननंतर कुलर असूनही चिकचिक होते.

वेल्डिंगवाल्यांसाठी दोन सूचना. सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणाखालचे वेल्डिंग, चालते तिथे कुलरचा झोत सरळ जोडावर येऊ देऊ नये. झोताने संरक्षक वायू उडून जातो आणि टाक्याला भोके पडतात, ज्याचा दोष नंतर तारेला दिला जातो. झोत वेल्डरच्या पाठीवर घ्यावा. दुसरे म्हणजे वाळा किंवा लाकडी भुशाचे पॅड ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या टप्प्यात ठेवू नयेत. हेच पत्र्याच्या खालून चिकटवायच्या फोम, थर्माकोल किंवा बबल शीटलाही लागू आहे. चांदीच्या पत्रीसारखी चकचकीत बाजू खाली करून लावलेली शीट धग चांगली रोखते, पण वेल्डिंगच्या धुराची काजळी बसली की ती चकाकी संपते, आणि आग लागली तर फोम वरून वितळत टपकतो. आपल्या कामात मी ते टाळीन. खालून थर द्यायचाच असेल तर न जळणारे ग्लासवूल जाळीवर बसवावे; मात्र तो पुढच्या वर्षीचा खर्च.

फुकटचा म्हणावा असा एक उपाय राहिला. आपला कॉम्प्रेसर आत असेल तर तो भिंतीबाहेर सावलीच्या पडवीत हलवावा. दहा अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपानेच सोडतो, म्हणजे एक किलोवॅटचे सात हीटर आपण मे महिन्यात आत पेटवून ठेवल्यासारखे होते. कामाची वेळ सकाळी सहाला सुरू करता आली तर करावी. नव्याने आलेल्या कामगाराला पहिला आठवडा अर्धेच काम द्यावे, कारण अंगाला उष्णतेची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा; ‘जरा बसू द्या, बरे वाटेल’ म्हणून वाट पाहू नये.


प्रश्न : माझ्या गोठ्यात १२ संकरित होल्स्टीन गायी आहेत. गोठा पत्र्याचा असून आढ्याला १४ फूट उंच आणि ३० फूट रुंद आहे; तीन बाजूंनी वीटकाम छपरापर्यंत नेले आहे. मार्चपासून दूध उतरते. गेल्या वर्षी फॉगर (पाण्याचे धुके सोडणारे फवारे) बसवले आणि उरलेल्या बाजूला हिरव्या नेटचे पडदे सोडले, तरी गायी रात्रीसुद्धा धापा टाकतात. फॉगर कमी पडतात का?
– एक पशुपालक, नेवासा तालुका

उत्तर : फॉगर कमी पडत नाहीत, जास्त होत आहेत. चारी बाजूंनी कोंडलेल्या गोठ्यात धुके सोडले की हवा दमट होते आणि गाईला श्वासावाटे उष्णता बाहेर टाकणे अधिक अवघड जाते. धुक्याचे बारीक थेंब तिच्या केसांच्या टोकांवरच अडकतात, कातडीपर्यंत पोहोचत नाहीत. त्याऐवजी मोठ्या थेंबांचे स्प्रिंकलर गव्हाणीच्या बाजूने पाठीवर पडतील असे लावावेत, दोन-तीन मिनिटे गाय भिजवावी आणि मग दहा-बारा मिनिटे पंख्याच्या वाऱ्यावर तिला वाळू द्यावे. गारवा वाळताना मिळतो, भिजताना नव्हे. म्हणून पंख्याशिवाय स्प्रिंकलर लावू नये. पाणी कासेपर्यंत ओघळू लागले तर वेळ कमी करावी, नाहीतर कासदाहाचे दुखणे मागे लागेल.

पण त्याआधी भिंती उतरवा. साडेतीन फुटांच्या वरचे वीटकाम काढून जाळी बसवावी. पश्चिमेकडून दुपारचे ऊन आत येत असेल तर तिथे नेट लावावे, मात्र ते भिंतीला चिकटवून नव्हे, बाहेर दोन-तीन फुटांवर पडवीसारखे ताणून, म्हणजे सावलीही मिळेल आणि वाराही अडणार नाही. आढ्यावर फट ठेवण्याचा ठोकताळा असा, की गोठ्याच्या दर १० फूट रुंदीमागे दोन इंच. आपल्या ३० फुटांना सहा इंच पुरतील. नवा गोठा बांधणाऱ्यांनी त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंनी येते.

आपल्या भागात उसाचे पाचट मुबलक आहे. पत्र्यावर त्याचा वीतभर थर अंथरला तर रंगाइतकाच गुण येतो. ते जुन्या ठिबकच्या नळ्यांनी किंवा तारेने करकचून बांधावे, कारण वळवाच्या वादळात पाचट आधी उडते आणि मग शेजाऱ्याच्या रानात जाऊन भांडण लावते. विजेच्या तारा जवळ असतील तर हा उपाय करू नये, तिथे पांढरा रंगच बरा.

किती फरक पडला हे दुधाच्या मापाआधी गाईच्या कुशीवर दिसते. दुपारी दोनला घड्याळ लावून अर्धा मिनिट कुशीची हालचाल मोजावी आणि दुप्पट करावी. मिनिटाला साठाच्या वर श्वास गेले तर गाय उष्णतेने त्रासली आहे असे समजावे. ऐंशीच्या वर गेले तर तातडीने भिजवावे. होल्स्टीन रक्ताच्या गाईला २५ अंशांच्या वरची हवाच जड जाऊ लागते, त्यामुळे आपल्याला गार वाटणारी संध्याकाळ तिला गार वाटतेच असे नाही. दुभत्या गाईला अशा दिवसांत शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. टाकी सावलीत असली तरी तिच्याकडे येणारा काळा पाइप उन्हात पसरलेला असतो आणि पहिल्या बादलीला हात लावला तर चटका बसतो. असे पाणी गाय पीत नाही. पाइप जमिनीत वीतभर पुरावा. वैरणीचा मोठा वाटा सूर्य मावळल्यावर द्यावा, कारण रवंथ आणि पचन यांचीही उष्णता तयार होते. गोठ्याला लागून कडुनिंबाची सावली असेल तर तिथे कुंपण घालून गायी मोकळ्या सोडाव्यात. मुक्त संचार गोठ्याचा अर्धा फायदा त्या झाडाचाच असतो.


प्रश्न : चिपळूणला एका जुन्या भातगिरणीच्या इमारतीत माझा सुतारकामाचा कारखाना आहे. छत उंच असून मंगलोरी कौलांचे आहे. घामाने हैराण होतो. नागपूरच्या मेहुण्यांनी डक्ट कुलर घ्यायला सांगितला आहे. घ्यावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मेहुण्यांचा सल्ला नागपूरला बरोबर आहे, चिपळूणला नाही. आपल्याकडे ३५ अंश तापमानाला ६५ टक्के आर्द्रता असली तर कितीही मोठ्या कुलरला हवा २९ अंशांच्या खाली नेता येत नाही, आणि जी काही चार-पाच अंशांनी उतरेल ती पाण्याने ओथंबलेली असेल. घाम वाळणार नाही. वर लाकूड फुगेल, ड्रॉवर अडकतील आणि पॉलिशवर पांढुरका धुरकटपणा येईल. आपल्याकडे हवा त्वचेच्या तापमानाच्या आसपासच असते, त्यामुळे वाऱ्याचा खरा उपयोग कोकणात होतो. मोठा पंखा घ्यायचा असेल तर तो आपण घ्यावा. मात्र भुसा उडू नये म्हणून रंधा आणि कटर यांना भुसा ओढणारी नळी आधी जोडावी, आणि पॉलिशची जागा पंख्यापासून आडोशाला न्यावी.

कौलांना हात लावू नये, ही विनंती. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा सतत वर झिरपत असते. गळती थांबवण्यासाठी त्यांच्याखाली प्लास्टिक किंवा पत्रा सलग ठोकला की हे झिरपणे बंद होते, आणि मग लोक म्हणतात की हल्ली ऊनच वाढले आहे. दुरुस्ती करायची तर पावसाळ्याआधी फुटकी कौले बदलावीत, आणि उजेड कमी पडत असेल तर उत्तरेच्या पाख्यावर दोन-चार काचेची कौले घालावीत. दक्षिणेला घातली तर उन्हाचे कवडसे नेमके बाकावर येतील.


प्रश्न : इचलकरंजीत आमची यंत्रमागाची शेड आहे. खिडक्या उघडल्या तर धागा तुटतो, बंद ठेवल्या तर माणसे टिकत नाहीत. मधला मार्ग काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सुती धाग्याला ओलसर हवा लागते हे खरे, त्यामुळे वर अकोल्याला सांगितलेली मोकळी हवा आपल्याला जशीच्या तशी चालणार नाही. आपल्या हातात छप्पर उरते, आणि म्हणून त्यावर इतरांपेक्षा जास्त खर्च करणे आपल्याला परवडते : वरून पांढरा रंग, खालून न जळणारा थर. जुन्या गिरण्यांत करवतीच्या दातांसारखी छपरे करून काचा उत्तरेला ठेवीत, त्या उजेड देत आणि ऊन अडवीत; आपल्या शेडला तशा काचा असून त्यांवर कोणी रंग फासला असेल तर तो खरवडून काढावा आणि त्या बदल्यात दिवसाचे दिवे बंद करावेत, कारण दिव्यांचीही उष्णता असते. मागांच्या ओळींमध्ये कोरडा आणि ओल्या फडक्याने गुंडाळलेला असे दोन तापमापक शेजारी टांगावेत; दोन्हींतला फरक जितका कमी, तितकी हवा ओलसर. सध्या पाणी अंदाजाने फवारले जाते आणि बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त फवारले जाते. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चारला दोन्ही आकडे पाटीवर लिहिले, आणि शेजारी त्या तासात किती धागे तुटले तेही लिहिले, तर किती ओलाव्यावर काम भागते ते पंधरवड्यात कळेल. त्यानंतर पश्चिम सोडून दुसऱ्या बाजूच्या किती खिडक्या उघडता येतील ते त्या पाटीवरून ठरवावे.